कॉर्डलेसमध्ये नंबर सेव्ह करून हेडसेट कसा लावायचा

आईचे गुडघे गेलेत आणि चष्मा कायम देवघरात राहिलेला, त्यामुळे यंदा दिवाळीला इंदूरला गेले तेव्हा पहिलं काम काय केलं तर तिच्या कॉर्डलेसमध्ये सगळे नंबर घालून दिले. तुमच्याही घरी कोणी असं असेल तर हे नक्की करा, अर्धा तास लागतो.

आधी कागदावर नंबर लिहून काढा. लँडलाइनवरून मोबाइल लावायचा तर १५ जानेवारी २०२१ पासून पुढे ० लावावाच लागतो, म्हणजे एकूण अकरा आकडे. जुन्या सेव्ह केलेल्या नंबरांत हा शून्य नसतो आणि मग बटण दाबूनही फोन लागत नाही, आईचं नेमकं हेच झालं होतं, तिला वाटायचं फोनच बिघडला. बाहेरगावच्या लँडलाइनला एसटीडी कोड हवा, आमची मावशी वडोदऱ्याला म्हणून ०२६५ सकट घातला. इंदूरमधल्या लँडलाइनला ०७३१ ची गरज नाही.

आता हँडसेट उचला, पण टॉक दाबू नका. बऱ्याच मॉडेलांत मेमरीचं बटण दोनेक सेकंद दाबून धरायचं, मग १ ते ९ मधली जागा निवडायची, नंबर टाकायचा आणि परत मेमरी दाबायचं, बीप वाजला की झालं. काहींत आधी नंबर आणि मग जागा असा उलटा क्रम असतो, स्क्रीनवाल्यात मेनूमध्ये फोनबुक सापडेल. लावताना टॉक, मेमरी आणि जागेचा आकडा. प्रत्येक नंबर तिथल्या तिथे लावून बघा. बँकेचा पिन मात्र मेमरीत अजिबात घालू नका.

हँडसेटच्या पाठीवर मी पांढरी चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरांत लिहिलं: १ ताई, २ दादा, ३ डॉक्टर, ४ मावशी. आई आता चष्मा न शोधता फोन लावते, मला इतकं बरं वाटतं ना.

हेडसेटचं जरा नीट बघून घ्या. हँडसेटच्या कडेला रबरी झाकणाखाली भोक असतं, ते बहुतेक २.५ मिमीचं, मोबाइलची ३.५ मिमीची पिन त्यात जातच नाही. मी आधी अडॅप्टर आणला तर ऐकू यायचं पण आईचा आवाज पलीकडे जाईना, कारण पिनेवरच्या पट्ट्यांची जोडणी वेगळी. शेवटी हँडसेटच घेऊन जेल रोडला गेले आणि दुकानात लावून, बोलून बघूनच घेतला. तुम्हीही तसंच करा.

पिन टक्‌ वाजेपर्यंत आत ढकला, अर्धवट राहिली की खरखर येते. पिन लावली की हँडसेटचा स्वतःचा स्पीकर आणि माइक बंद होतो, आवाज मात्र हँडसेटच्याच बटणांनी कमीजास्त करायचा. माइक ओठांच्या अगदी समोर नको, थोडा बाजूला. हँडसेट क्लिपने कमरेला अडकवा किंवा गाऊनच्या खिशात टाका. आई आता कणीक मळता मळता मावशीशी तासभर बोलते, मान वाकडी करून फोन खांद्यात धरणं बंद झालं, मानेचं दुखणंही कमी झालंय. बोलणं झालं की ऑफ दाबायची सवय लावा, नाहीतर लाइन एंगेजच राहते.

रात्री पिन काढून हँडसेट बेसवर ठेवा. बॅटरी बदलायची वेळ आली तर रिचार्जेबलच घाला, घड्याळातले साधे सेल चार्जिंगला लागले तर गळतात, फुटूही शकतात. आणि लाइट गेली की बेस बंद पडतो, म्हणून तो कागद फेकला नाही, मोबाइलवरून लावता यावं म्हणून स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवून आले.