विणीचा हीटिंग पट्टा बटणापाशीच तापतो, बाकी गार: माझा अनुभव

आईच्या गुडघ्यासाठी शिवलेला पट्टा. कापड चांदीचा मुलामा दिलेल्या नायलॉन धाग्याचं, वीज ५ व्होल्टच्या पॉवर बँकेची. प्रेस बटणांभोवती चटका, मधे थंडगार. गुडघा वाकवला की ऊब कमी-जास्त.

बटणं बदलली, मोठी पॉवर बँक लावली, फरक शून्य. सोल्डरिंगने (वितळवलेल्या धातूने तार जोडताना) तर नायलॉन वितळून भोक पडलं. डोकं उठलं अगदी.

जमलं ते असं. बटणं काढून तांब्याच्या सपाट वेणीचे दोन तुकडे घेतले. तारा त्यांना आधीच, कापडापासून लांब, सोल्डर केल्या. मग समोरासमोरच्या दोन कडांवर पूर्ण लांबीभर वेणी ठेवून चांदीच्याच धाग्याने दाट झिगझॅग टाके. आता वीज एका ठिपक्यातून न घुसता अख्ख्या कडेने शिरते. नंतर मागून पातळ बक्रम (कापड ताणू न देणारं अस्तर) इस्त्रीने चिकटवलं, कारण वीण ताणली की धाग्याचे फासे एकमेकांना टेकायचं प्रमाण बदलतं आणि रोधही, म्हणजे विजेला होणारा अडथळा. ताण घ्यायला बाजूला साधं इलास्टिक.

शेवटी मल्टिमीटरने वेणी ते वेणी रोध मोजला: ५ ओहम, म्हणजे १ अँपिअर, ५ वॅट. हा रोध २.५ ओहमच्या खाली आला तर २ अँपिअरच्या पॉवर बँकेला जोडू नका. फ्यूज आणि ५० अंशांचा थर्मल कटऑफ (तेवढं तापलं की वीज तोडणारा भाग) मात्र हवाच. झोपताना पट्टा काढायचा.