आर-१२ च्या जुन्या गाडीत आर-१३४ए भरताना

जुन्या गाडीचा एसी आर-१२ या जुन्या गॅसवर अजून नीट गार करत असेल तर त्याला हात लावू नका. कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप) बसला, कंडेन्सर (समोरची, गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) फुटला किंवा सगळा गॅस गेला की सिस्टिम उघडावीच लागते. गॅस बदलायची वेळ ती. ओझोन थर वाचवण्यासाठी झालेल्या १९८७ च्या माँट्रियल करारानंतर आर-१२ चं उत्पादन बंद होत गेलं. आज मिळालाच तरी शुद्ध असेल याची खात्री नाही. त्याच्या जागी भरायचा आर-१३४ए गॅस मात्र कुठेही मिळतो.

तोटा भर उन्हात कळतो. त्याच कंडेन्सरवर आर-१३४ए चं हाय साइडचं (कॉम्प्रेसरनंतरच्या, जास्त दाबाच्या बाजूचं) प्रेशर जास्त चढतं, त्यामुळे सिग्नलला थांबलं की कूलिंग पडतं. कंडेन्सरसमोर जादा पंखा लावा. पॅरलल फ्लो कंडेन्सर (समांतर बारीक नळ्यांचा) बसत असेल तर उत्तमच.

पण कॉम्प्रेसर मरतो तो ऑइलपायी. आर-१२ सोबतचं मिनरल ऑइल आर-१३४ए मध्ये विरघळत नाही. ते कूलिंग कॉइलमध्ये साचतं, परत येत नाही, आणि कॉम्प्रेसर कोरडा चालून जाम होतो. म्हणून 'नुसता गॅस टाकून देतो' म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

उरलेला आर-१२ हवेत न सोडता रिकव्हरी मशीनने काढून घ्या. कॉम्प्रेसर उतरवून उलटा धरा आणि हाताने शाफ्ट फिरवत जुनं ऑइल पूर्ण निथळू द्या. कॉइल, कंडेन्सर आणि पाइप फ्लशिंग लिक्विडने धुऊन कोरड्या नायट्रोजनने फुंका. कॉम्प्रेसर, ड्रायर (ओल शोषणारी डबी) आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून (कॉइलच्या तोंडाशी गॅसचा दाब उतरवणारा व्हॉल्व्ह) फ्लश घालू नका. ड्रायर आर-१३४ए ला चालणारा, नवाच बसवा. ओ-रिंग हिरव्या एचएनबीआर रबराच्या घ्या, ऑइल लावून बसवा. होज फुगलेले किंवा तडकलेले असतील तर बॅरिअर होज (आतून गॅस न झिरपू देणारा थर असलेले) टाका. ऑइल एस्टर वापरा: मिनरलचा थोडा अंश राहिला तरी ते पीएजी या दुसऱ्या सिंथेटिक ऑइलपेक्षा जास्त सांभाळून घेतं. प्रमाण कॉम्प्रेसरच्या लेबलप्रमाणे. डबा उघडा ठेवू नका, ते हवेतली ओल ओढतं. हाय प्रेशर कट-ऑफ स्विच नसेल तर तो बसवून घ्या.

लिकेज नायट्रोजनने तपासा, मग किमान ४५ मिनिटं व्हॅक्यूम धरा. पंप बंद केल्यावर काटा सरकला तर लिकेज किंवा ओल आहे.

गॅस वजनकाट्यावर भरा, मूळ आर-१२ च्या ८० ते ८५ टक्के. लेबलवर ९०० ग्रॅम असेल तर ७२० ते ७६५. साइट ग्लासमधले (गॅस दिसावा म्हणून पाइपवर बसवलेली छोटी काच) बुडबुडे जाईपर्यंत भरायची जुनी सवय इथे नडते: आर-१३४ए मध्ये चार्ज बरोबर असूनही काच दुधाळ दिसते, आणि ती साफ करायच्या नादात गॅस जादा होऊन प्रेशर चढतं. इंजिन चालू असताना हाय साइडचा व्हॉल्व्ह उघडू नका, कॅन फुटतो. बाहेर ३५ अंश असताना लो साइड (कॉम्प्रेसरकडे परत येणारी, कमी दाबाची बाजू) ३० ते ४० पीएसआय, हाय साइड २१० ते २४० च्या आसपास दिसावी.

स्वस्त पडतो म्हणून कोणी प्रोपेन-आयसोब्युटेनचं मिश्रण सुचवेल. ते कमी प्रेशरवर छान गार करतं, पण पेट घेतं, आणि कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत, माणसांजवळ असते. तिथे लिकेज झालं तर? आम्ही ते भरा असं सांगणार नाही.

शेवटी बॉनेटखाली पक्कं लेबल लावा: आर-१३४ए, किती ग्रॅम, एस्टर ऑइल, तारीख. चार्जिंग पोर्टवरही आर-१३४ए चेच क्विक कपलर अॅडॅप्टर कायमचे बसवा, म्हणजे पुढचा मेकॅनिक चुकून दुसरा गॅस जोडणार नाही.