भातझोडणीच्या दिवसांत डोळ्याला लागल्यास : ठाणे जिल्ह्यातील शेतकऱ्यांसाठी सल्ला

मुरबाड, शहापूर, भिवंडी, कल्याण आणि अंबरनाथ तालुक्यांत हळवे, निमगरवे व गरवे भात पाठोपाठ कापणीला येते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खळ्यावर झोडणी व वारवणी सुरू होते. वाकून कापताना शेजारच्या रोपाचे पाते डोळ्याला लागते, तर भात वारवताना तूस आणि कुसळ थेट डोळ्यात जाते. या कामांना साधा, बाजूंनी बंद असलेला चष्मा लावावा आणि वारवताना वाऱ्याकडे पाठ ठेवावी.

तरीही ओरखडा पडलाच, तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, स्वतःहून भरून येऊ लागतो. या पडद्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून त्याची राखण उपजत प्रतिकारशक्तीकडे असते. अश्रूंतील लायसोझाइम आणि लॅक्टोफेरिन ही प्रथिने जंतूंना अटकाव करतात. जखमेच्या कडेच्या पेशी इंटरल्युकिन-१ सारखे रासायनिक संदेश सोडतात, शेजारच्या पेशी सरकत येऊन उघडा भाग झाकू लागतात आणि काही तासांतच बुबुळाच्या कडेच्या रक्तवाहिन्यांतून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तेथे पोहोचतात. उंदरांवरील प्रयोगांत या पेशी कमी केल्यावर जखम भरण्यास उशीर झालेला दिसला आहे, म्हणजेच त्या जंतूंशी लढतात तशा जखम भरण्यासही हातभार लावतात. मात्र जंतुसंसर्ग होऊन त्या फार मोठ्या संख्येने आणि दीर्घकाळ साचल्या, तर त्यांच्याच विकरांनी पडद्यातील कोलॅजेन हे प्रथिन विरघळते आणि मागे पांढरा डाग राहतो, ज्याला आपण फूल पडणे म्हणतो.

लहान, स्वच्छ ओरखडा बहुधा एक ते तीन दिवसांत भरतो. भाताच्या कुसळाचा ओरखडा तेवढा साधा समजू नये, कारण त्यासोबत फ्युजेरियम किंवा अ‍ॅस्परजिलस ही बुरशी आत जाऊ शकते आणि तिचा व्रण, म्हणजे चिघळणारी जखम, पुष्कळदा काही दिवसांनी, सावकाश दिसू लागतो. अशा वेळी घरात उरलेले किंवा दुकानातून मागून आणलेले स्टेरॉइडचे थेंब घालणे ही सर्वांत घातक चूक ठरते. स्टेरॉइड ही प्रतिकारशक्तीच दाबते, त्यामुळे लाली व ठणका कमी होऊन बरे वाटते आणि आत बुरशी मोकळेपणी वाढत राहते. अंगावरचे दूध, मध, एरंडेल किंवा झाडपाल्याचा रसही डोळ्यात घालू नये.

डोळा चोळू नये, पदराच्या किंवा पंचाच्या टोकाने कुसळ काढू नये आणि पट्टी बांधून डोळा बंद करू नये. स्वच्छ, उकळून गार केलेल्या पाण्याने डोळा धुवावा. त्याने न निघणारे, रुतलेले कुसळ डॉक्टरांनाच काढू द्यावे आणि शक्यतो त्याच दिवशी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात नेत्रतपासणी करून घ्यावी. नेपाळमधील भक्तपूर येथील, 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ओरखडा पडल्यापासून 18 तासांच्या आत क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाचे मलम सुरू केलेल्यांपैकी कोणालाही व्रण झाला नाही. आमच्या मते खळ्यावरच्या कामाची घाई बाजूला ठेवण्यास एवढे कारण पुरेसे आहे. मलम मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच लावावे. मधुमेह असलेल्यांची जखम उशिरा भरते, त्यांनी अजिबात थांबू नये.

डॉक्टरांना केवळ "डोळा लाल झाला" असे न सांगता भाताचे कुसळ किंवा पाते लागल्याचे, त्याची वेळ आणि तोवर घातलेले प्रत्येक औषध सांगावे. त्यावरून बुरशीची शंका येऊन व्रणाचा नमुना तपासता येतो. बुरशी आढळल्यास नॅटामायसिनचे थेंब बरेच आठवडे घालावे लागतात, ते ठणका थांबला म्हणून मध्येच बंद करू नयेत.