ताना हळू केल्या, पट्टी तशीच ठेवली

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गाण्याच्या क्लासमध्ये गुरुजींच्या ताना मोबाईलवर रेकॉर्ड केल्या होत्या. घरी पेटीवर बसवायला गेलो तर वेग झेपेना. म्हणून ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पीड ७५ टक्के केला, आणि काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) सा थेट पाच अर्धस्वर उतरून खालच्या काळी चारवर! टेप हळू फिरवली की आवाज जाडा व्हायचा, तसंच; कंपनंच कमी होतात ना.

मग कळलं, ‘चेंज स्पीड’ नव्हे, ‘चेंज टेम्पो’ हवं. तिथे उणे २५ टाकलं. तीन मिनिटांची तान चार मिनिटांची झाली, सा जागेवरच. यात आवाजाचे बारीक तुकडे करून ते एकमेकांवर चढवत लांबवतात, कंपनं तीच राहतात.

पण फार ताणू नका बाप्पा. निम्म्यावर नेलं तर तबल्याचा ‘ना’ पसरट वाजतो, आणि मे महिन्यातल्या आमच्या कूलरची घरघर पाण्यात बुडाल्यासारखी येते. नुसतं ऐकायचं असेल तर व्हीएलसी या प्लेअरमध्ये वेग कमी केला तरी चालतं. स्वर तिथेही हलत नाही. मी सध्या ८० टक्क्यांवर आहे.