पंचविशीतला नवखा क्वार्टरबॅक: कधी घ्यायचा, किती मोजायचे, आधी काय उभारायचं

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगच्या ड्राफ्टमध्ये (संघ दरवर्षी पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) चोवीस-पंचवीस वर्षांचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू) आता नवलाचा राहिलेला नाही. कोविडमुळे २०२० चा हंगाम कॉलेज खेळाडूंच्या पात्रतेत धरला गेला नाही, कॉलेज बदलणं सोपं झालं, आणि २०२१ पासून स्वतःच्या नावावर पैसे कमावता येऊ लागल्याने मुलं कॉलेजातच थांबू लागली. त्यामुळे तळाच्या संघासमोर कधी ना कधी असं नाव येतंच.

सुरुवात वयाच्या हिशेबाने करा. नवख्याचा करार चार वर्षांचा असतो. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला पाचव्या वर्षासाठी रोखून धरण्याचा हक्क संघाला मिळतो. चोविसाव्या वर्षी घेतलेला खेळाडू स्वस्त करार संपताना अठ्ठावीस-एकोणतीसचा असेल. क्वार्टरबॅक पस्तिशीपर्यंत सहज खेळतात, तेव्हा नुसत्या वयाला घाबरायचं कारण नाही. खरा तोटा वेगळा आहे. एकवीस वर्षांच्या मुलाला दोन वर्षं बाकावर बसवून घडवता येतं. याच्या बाबतीत बाकावरचं प्रत्येक वर्ष म्हणजे वाया गेलेली स्वस्ताई. ती किती मोठी, ते पाहा: २०२४ मध्ये वॉशिंग्टनने दुसऱ्या क्रमांकावर निवडलेल्या क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्सचा चार वर्षांचा करार साधारण ३ कोटी ७७ लाख डॉलरचा होता. त्याच वर्षी अनुभवी क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉटने वर्षाला ६ कोटी डॉलरचा करार केला. अटलांटाने मात्र अनुभवी कर्क कझिन्सला चार वर्षांसाठी १८ कोटींचा करार दिला आणि दीड महिन्यात आठव्या क्रमांकावर नवख्या मायकेल पेनिक्सलाही घेतलं. पेनिक्स डिसेंबरपर्यंत बाकावर. हे टाळा.

म्हणून ड्राफ्टच्या आधी ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची फळी, उभारा. करार संपून मोकळ्या झालेल्या खेळाडूंचा बाजार मार्चमध्ये उघडतो, ड्राफ्ट एप्रिलअखेर होतो. हा क्रम तुमच्या फायद्याचा आहे. २०२३ मध्ये वॉशिंग्टनचा सॅम हॉवेल ६५ वेळा सॅक झाला (फेकण्याआधीच पाडला गेला) आणि संघ ४-१३ वर (चार विजय, तेरा पराभव) अडकला. पुढच्या मार्चमध्ये त्यांनी या फळीसाठी सेंटर टायलर बियाडॅझ आणि गार्ड निक अ‍ॅलेग्रेटी घेतले, भरवशाचा टाइट एंड (अडवणारा आणि झेलणाराही) म्हणून झॅक अर्ट्झ आणला, आणि मगच डॅनियल्सला निवडलं. संघ १२-५. उलट उदाहरण कॅरोलायनाचं: २००१ मध्ये अठ्ठावीस वर्षांच्या क्रिस वाइंकेला चौथ्या फेरीत घेऊन कमकुवत संघाची सूत्रं थेट त्याच्या हाती दिली. हंगाम १-१५.

आता त्याच्या कॉलेज सामन्यांच्या चित्रफिती. चोवीस वर्षांचा गडी एकोणीस-वीस वर्षांच्या कॉर्नरबॅकसमोर (झेल रोखणाऱ्या बचावपटूसमोर) चांगला दिसणारच, म्हणून त्याचे आकडे वयाप्रमाणे वेगळे मांडा आणि एकविसाव्या वर्षी तो काय करत होता ते पाहा. शेवटच्या वर्षी अचानक झेप दिसली तर तिचं कारण शोधा. डॅनियल्ससोबत एलएसयू या कॉलेजात मलिक नेबर्स आणि ब्रायन थॉमस हे रिसीव्हर (फेक झेलणारे) होते, दोघेही पहिल्या फेरीत गेले. याचा अर्थ झेप खोटी होती असं नाही, पण रिसीव्हर मोकळा असताना केलेली फेक बाजूला काढून उरलेल्या खेळी तपासा: तिसरा डाउन (दहा यार्ड पुढे जायच्या चार प्रयत्नांतला तिसरा) आणि सात यार्डांहून जास्त बाकी, दोन सेकंदांत अंगावर येणारा बचावपटू, पहिला पर्याय बंद. दबाव आलेल्या दर पाच खेळींत एकापेक्षा जास्त सॅक होत असतील तर लाल खूण करा. चेंडू फार वेळ हातात धरण्याची सवय या वयात सहसा सुटत नाही.

लांबलेल्या कॉलेज कारकिर्दीमागे अनेकदा दुखापती असतात. क्वार्टरबॅक टायलर शॉ सात वर्षं तीन कॉलेजांत खेळला, त्यात गळ्याजवळचं हाड दोनदा आणि पायाचं हाड एकदा मोडलं. हाड जुळतं. फेकीच्या हाताचा खांदा किंवा गुडघ्याचे लिगामेंट यांचा प्रश्न जास्त गंभीर, म्हणून डॉक्टरांकडून प्रत्येक दुखापतीवर वेगळं मत घ्या, एकत्रित शेरा नको.

मग किंमत. २०१२ मध्ये क्लीव्हलँडने ब्रँडन वीडनला बाविसाव्या क्रमांकावर घेतलं. बेसबॉल सोडून आलेला, अठ्ठावीस वर्षांचा. ओक्लाहोमा स्टेटमध्ये तो सेंटरपासून मागे उभा राहून पसरलेल्या मांडणीत खेळला होता. इथे प्रशिक्षक पॅट शर्मर यांची वेस्ट कोस्ट पद्धत (आखूड, झटपट फेकींची). १४ टचडाउन, १७ इंटरसेप्शन (बचावपटूंनी पकडलेल्या फेकी), संघ ५-११. दुसऱ्या वर्षी प्रशिक्षक बदलले, पद्धतही बदलली, आणि २०१४ च्या मार्चमध्ये त्याला सोडून दिलं. (पहिल्याच सामन्याआधी तो मैदानभर पसरलेल्या राष्ट्रध्वजाखाली अडकला होता, पुढचं बरंच काही तसंच झालं.) त्यामुळे खेळाडूला पद्धतीत कोंबू नका, त्याला जमणारी पद्धत चालवणारा कोऑर्डिनेटर (चढाईचा प्रशिक्षक) आधी नेमा आणि दोन वर्षं हलवू नका. वॉशिंग्टननेही डॅनियल्सला निवडण्याआधी क्लिफ किंग्जबरीला कोऑर्डिनेटर म्हणून आणलं होतं. चोविसाव्या वर्षानंतरच्या खेळाडूसाठी भविष्यातले पहिल्या फेरीतल्या निवडीचे हक्क देऊन ड्राफ्टच्या क्रमात वर चढू नका. दुसरी फेरी हा बहुतेक वेळा योग्य भाव. न्यू ऑर्लिन्सने २०२५ मध्ये शॉला चाळिसाव्या क्रमांकावर घेतलं, तेव्हा तो पंचवीसचा होता. दुसऱ्या फेरीत पाचव्या वर्षाचा हक्क नसतो, तेवढं लक्षात ठेवा.

करारानंतरचं वेळापत्रक सरळ आहे. मे महिन्याच्या सरावापासून पहिल्या अकरांसोबत निम्म्या खेळी त्याला द्या. पहिल्या सामन्यापासून खेळवता आलं तर उत्तम, नाहीतर हंगामाच्या मध्याच्या पुढे ढकलू नका; शॉने आठ सामन्यांनंतर सूत्रं घेतली. धावणारा क्वार्टरबॅक असेल तर ठरवून दिलेल्या धावा मोजक्याच ठेवा: डॅनियल्स २०२५ मध्ये गुडघा, मांडी आणि कोपर दुखावून निम्म्याहून जास्त सामने बाहेर होता. करार वाढवायची मुभा तिसऱ्या हंगामानंतर मिळते, पण तुमचा निकाल दुसऱ्या हंगामाच्या अखेरीसच लागलेला असू द्या. दबावाखालच्या सॅकचं प्रमाण तोवर उतरलं नसेल तर पुढच्याच एप्रिलमध्ये दुसरा क्वार्टरबॅक शोधा. सव्विसाव्या वर्षी त्याला तिसरी संधी देण्याइतका वेळ संघाकडे नसतो.