गडाच्या फोटोवर कॉपीराइटची तक्रार आली होती, असं सुटलं

माझ्या ट्रेकिंगच्या साइटवर रायगडाचा फोटो होता, गूगलवर सापडला म्हणून टाकलेला, आणि मूळ फोटोग्राफरचा मेल आला की काढा. आधी खाली ‘साभार: इंटरनेट’ लिहिलं, मग क्रॉप करून पाहिलं, त्याने काहीच होत नाही, परवानगी ती परवानगीच. दोन रात्री झोप लागली नाही.

शेवटी तो फोटो काढून टाकला, त्यांची माफी मागितली. मग विकिमीडिया कॉमन्सवर (मोफत वापरता येणाऱ्या फोटोंचा ऑनलाइन साठा) गडाचं नाव इंग्रजीत टाकून शोधलं, फोटोवर क्लिक करून त्याचं पूर्ण पान उघडलं आणि खाली लायसन्स वाचलं. सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, फोटोग्राफरने आधीच सगळ्यांना दिलेली वापराची परवानगी. सीसी झीरो (सगळे हक्क सोडलेले) असेल तर नाव देणं बंधनकारक नाही (मी तरी देतो, कोणीतरी उन्हात गड चढून काढलेला असतो). सीसी बाय (नाव देऊन वापरा) किंवा बाय-एसए (नाव द्या आणि तेच लायसन्स ठेवा) असेल तर फोटोखालीच फोटोग्राफरचं नाव, मूळ पानाची लिंक, लायसन्सचं नाव आणि त्याची लिंक, आणि क्रॉप केला असेल तर तेही लिहायचं. बाय-एसए फोटो बदललात तर बदललेला फोटोही त्याच लायसन्सखाली द्यावा लागतो. इतर साइटवर एनसी (व्यावसायिक वापर नको) दिसलं आणि तुमच्याकडे जाहिराती असतील तर तो फोटो सोडा, एनडी (बदल नको) असेल तर क्रॉप करून टाकू नका. लायसन्सच्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवलाय.