पावसाळ्यात ऑफिसचे कपडे: लाल चिखल आणि बुरशी

कोकणात पावसाळ्यात पँटच्या मोहरीवर लाल चिखल उडणारच. ओला असताना चोळू नका, माती धाग्यात आणखी शिरते. पूर्ण वाळू द्या, कोरड्या ब्रशने झाडा, मग उलट बाजूने थंड पाण्याची धार सोडा. डाग उरलाच तर लिंबाचा रस 10 मिनिटं. रंगीत कापड असेल तर आधी आतल्या शिवणीवर लावून बघा. ब्लीच नकोच. जांभ्याच्या मातीतलं लोह त्याने जात नाही, उलट डाग पक्का होतो.

शर्टांना खळ ऑक्टोबरपर्यंत बंद, तिच्यावर बुरशी पोसते. वाळत घालताना दोन हँगरमध्ये वीतभर अंतर. कॉलर आणि बटणपट्टी सगळ्यात शेवटी वाळते, तीच चाचपा. इस्त्रीचा गरम शर्ट लगेच कपाटात कोंबू नका. एसटीने जाणार असाल तर चांगली पँट सॅकमध्ये, उतरल्यावर बदला.